ग्रिलीच्या घरची चौकशी

कौन्सिलर फेस्टस टार्पीला सॅबिना ग्रिलीनं वाचनकक्षातून बाहेर काढलं, ते एका बिस्किटापायी.

परगण्याच्या दप्तरखान्यात खायचं नाही, प्यायचं नाही, शाईचं पेन खिशाबाहेर काढायचं नाही, हे दारावर दोन्ही भाषांत लिहिलेलं आहे. फेस्टसला वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण पाच-पाच वेळा निवडून आलेल्या माणसाला वाटतं, पाट्या इतरांसाठी असतात. त्यानं कोटाच्या खिशातून आल्याचं बिस्किट काढलं, अर्धं खाल्लं आणि उरलेला तुकडा सॅबिनाच्या टेबलावर, तिच्या नोंदवहीला अगदी चिकटवून ठेवला.

"घे, सॅबे. तुझ्यासाठी ठेवलाय," तो म्हणाला. "तुमच्या घरात पोरांना खायला घालत नाहीत म्हणे."

वाचनकक्षात आणखी तिघं होती. अमेरिकेहून पणजोबा शोधायला आलेलं एक जोडपं, आणि रस्त्यांच्या जुन्या ठेक्यांवर काहीबाही लिहिणारा एक निवृत्त मास्तर. तिघांनीही माना वर केल्या.

"ऊठ," सॅबिना म्हणाली.

"अगं, थट्टा केली. शाळेतली आठवण म्हणून."

"ऊठ म्हणते ना! बिस्किट उचल. तो चुरापण उचल, बोटानं. उंदीर झाले तर तुझ्या नावानं तक्रार लिहीन, कौन्सिलर असशील नाहीतर कोणी असशील."

आणि त्यानं उचलला बरं का चुरा. बोटानं टिपून टिपून. पासष्ट वर्षांची वाळकी बाई, करड्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेली, नाकाच्या शेंड्यावर चष्मा; पण तिच्या त्या आवाजापुढं भलेभले टिकत नसत. एकदा एका न्यायाधीशाचं शाईचं पेन तिनं जप्त केलं होतं, ते संध्याकाळपर्यंत दिलं नव्हतं.

दारातून मात्र फेस्टस वळला. चेहरा लाल झाला होता.

"सोमवारी सभा आहे, सॅबे. १९०९ सालची ती कोरोनरची फाईल मला शुक्रवारी टेबलावर हवी. 'सापडत नाही' हे तुझं पालुपद आता पुरे. आणि नाही सापडली तरी पाटी लागणार. पेपरातलं कात्रण आहे माझ्याकडे."

"शुक्रवारी माझा शेवटचा दिवस आहे."

"तेच म्हणतो मी. जाता जाता एक तरी काम सरळ कर."

पाटीचं प्रकरण असं. क्लूनबार्नाच्या चौरस्त्यावर ग्रिलींच्या जुन्या घराची एक भिंत अजून उभी आहे. घर कधीच पडलं. ग्रिली मंडळी सत्तर सालच्या सुमाराला कौन्सिलनं बांधलेल्या छोट्या घरात गेली. त्या भिंतीवर दगडी पाटी बसवायची फेस्टसची टूम होती. पाटीवर लिहायचं होतं, 'या ऑनर ग्रिलीच्या घरात ॲनी लूबी ही सहा वर्षांची अनाथ मुलगी १९०९ मध्ये भुकेनं आणि थंडीनं मेली.' आजकाल अशा पोरांची आठवण काढायची पद्धत पडली आहे, आणि ती चांगलीच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण निवडणूक दोन महिन्यांवर आली असताना फेस्टसला अचानक अनाथांचा पुळका आला, आणि तोही ज्या भिंतीवर सॅबिनाच्या पणजीचं नाव कोरता येईल तिथंच. हा योगायोग असं कुणाला म्हणायचं असेल त्यानं खुशाल म्हणावं.

आता आमच्या क्लूनबार्नाबद्दल एक सांगितलंच पाहिजे. आमचं गाव मेलं विसरभोळं नाही. कुणाच्या आजोबानं कुणाच्या गवताला आग लावली, कुणाची काकी कुणाबरोबर पळाली, सगळं पाठ. आणि ग्रिलींचं तर काय, पोटातल्या पोरालाही माहीत. गरीबखान्यातली अनाथ पोरं तेव्हा घरोघरी सांभाळायला द्यायचे. त्यातली एक ऑनर ग्रिलीच्या घरात उपाशी मेली. अपमृत्यूची चौकशी करणारा सरकारी अंमलदार, म्हणजे कोरोनर, आला, बारा पंच बसले. आणि बसले कुठं? ऑनरच्या स्वयंपाकघरात! एरवी आमच्याकडे मढं सापडलं की जवळच्या दारूच्या दुकानात न्यायचं आणि कोरोनरनं तिथंच चौकशी करायची, अशी रीत होती. मग याच वेळी कोरोनर घरात का गेला? कारण घरातच काळंबेरं होतं, म्हणून. गावानं असं गणित मांडलं, आणि 'ग्रिलीच्या घरची चौकशी' हे नाव कायमचं चिकटलं. ऑनर स्वतः दोनच वर्षांत क्षयानं गेली, पोरं लहान, त्यामुळे तिच्या बाजूनं बोलायला कुणी उरलंच नाही.

त्या नावानं मग चार पिढ्यांना खाल्लं. सॅबिना शाळेत होती तेव्हा पोरं तिच्या कोटाच्या खिशात पावाच्या कडा कोंबायची. शिळ्या, दातांनी चावलेल्या. हात घातला की कडा. "घरी ने, पुढच्या पोरीला घाल," असं ओरडत पळायची. त्यात सगळ्यात पुढं कोण, तर मागच्या बाकावरचा फेस्टस टार्पी. चौरस्त्यावरच्या दुकानाचा नि दारूच्या गुत्त्याचा वारस. त्याच्या डब्यात रोज हॅमचं सँडविच असायचं आणि त्याची कडा रोज सॅबिनाच्या खिशात.

सॅबिनाची आई बीझी लग्न होऊन या घरात आली १९५३ मध्ये. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच रविवारी ती चर्चमध्ये मधल्या बाकावर जाऊन बसली, तर शेजारणीनं आपलं पोर उचलून मांडीच्या दुसऱ्या बाजूला घेतलं. बीझीला कळेना. घरी आल्यावर नवऱ्यानं मान खाली घालून सांगितलं. त्यानंतर बीझी कायम मागं, उजव्या खांबाच्या आड बसायला लागली. तिथून वेदी दिसत नाही, पाद्री दिसत नाही, फक्त आवाज येतो. नवरा लवकर वारला तरी ती तिथंच.

पण बीझीचं एक होतं. तिनं हे कधी मानलं नाही. "अगं, त्या घराची फरशी मी अठरा वर्षं घासली," ती सॅबिनाला म्हणायची. "वाईट घर कळतं बाईला. तिथं काही वाईट झालेलं नाही. कुठंतरी कागद असेल. लिहून ठेवल्याशिवाय सरकार राहत नाही."

म्हणून तर सॅबिना दप्तरखान्यात लागली. १९८८ साली, चौतिसाव्या वर्षी. जुन्या कोर्टाच्या तळघरात कागद मांडणारी, काढून देणारी, परत ठेवणारी. हुद्दा काही नाही, पण किल्ल्या तिच्याकडे. गरीबखान्याच्या सभांची इतिवृत्तं, रस्त्यांचे ठेके, मेंढ्यांना औषधात बुडवण्याची फर्मानं, आणि शेवटच्या खणात कोरोनरचे खोके. एका मेलेल्या कोरोनरच्या नातवानं माळ्यावरून काढून आणून टाकले होते. कुणी उघडलेही नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात तिला ती फाईल मिळाली. पांढऱ्या फितीनं बांधलेली उभी घडी. वरच्या पानावर सुबक अक्षरांत तीन ओळी: 'क्लूनबार्ना. ग्रिलीच्या घरची चौकशी. ॲनी लूबी, वय सहा. उपासमार व थंडी. मृत्यू ऑनर ग्रिलीच्या घरात.'

म्हणजे गाव खरंच बोलत होतं. आई तेवढी वेडी.

फीत तिनं सोडलीच नाही. दप्तरखान्यात नियम असा की, फाईल जागेवरून काढली की तिथं पिवळी चिठ्ठी ठेवायची: कुणी काढली, कधी, कशासाठी. सॅबिनानं चिठ्ठी ठेवली नाही. फाईल उचलली आणि दुसऱ्या टोकाच्या खणात, मेंढ्यांच्या फर्मानांच्या खोक्यात, अगदी तळाशी सारली. मेंढ्यांचं खोकं कोण मागतंय? आणि दप्तरखान्यात चुकीच्या खोक्यात गेलेला कागद मेल्यातच जमा असतो.

त्या संध्याकाळी बीझी चहा ओतत होती. "मिळाला का गं काही कागद?"

"नाही. नाहीच आहे," सॅबिना म्हणाली. "त्या सालचं काही राहिलेलंच नाही."

बीझीनं किटलीवर लोकरी टोपी घातली, पावाला लोणी लावलं. पुढं दर वर्षी, नाताळ झाला की एकदा विचारायची, आणि सॅबिना तेच उत्तर द्यायची. १९९९ मध्ये बीझी गेली. विचारणारं कुणी राहिलं नाही.

त्यानंतरच सॅबिना इतकी फाटक्या तोंडाची झाली, असं लोक म्हणतात. मला वाटतं, ती आधीपासूनच तशी होती. फक्त घरी कुणीतरी ऐकून घेणारं होतं ते गेलं. चर्चमध्ये जाणं तिनं बंद केलं. बसमध्ये शेजारी कुणी बसलं तर ती उठून उभी राहायची. कुणी 'कशी आहेस' विचारलं तर 'जिवंत आहे, तुमची गैरसोय होतेय' म्हणायची.

तर बिस्किटाच्या दिवशी दुपारी म्युरिन डिग्नन तिच्याकडे आली. म्युरिन म्हणजे दप्तरखान्याची प्रमुख, बत्तीस वर्षांची, दुसऱ्या परगण्यातली. सॅबिनाला घाबरायची, पण तिच्यावर जीव होता.

"सॅबिना, त्या टार्पीनं वर पत्र लिहिलंय. म्हणतोय, ग्रिली बाईनं फाईल मुद्दाम दडवली."

"लिहू दे. त्याला दुसरं येतं काय?"

"नाही, पण... जुन्या यादीत ती आहे. खोक्यात नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?"

"पोरी, इथं चार हजार खोकी आहेत. तुझं लग्न होऊन नातवंडं होतील तोवर शोध."

म्युरिन निघून गेली. सॅबिनाला त्या पोरीशी तसं बोलल्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

तिनं ठरवून टाकलं. फाईल घरी न्यायची आणि शेगडीत घालायची. पाटी लागली तर लागू दे. कात्रणातली ती एक ओळच लिहिता येईल. पण आत काय काय असेल! उपाशी पोराचं वजन किती भरलं, अंगावर काय वळ होते, पणजी काय म्हणाली. ते सगळं फेस्टस टार्पी सभेत उभा राहून, पाणी पीत पीत, मोठ्यानं वाचणार. ते ती होऊ देणार नव्हती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती तळघरात गेली. डब्याची कापडी पिशवी घेऊन गेली, कारण बाहेर पडताना तिची पिशवी तपासायची कुणाची छाती नव्हती. मेंढ्यांचं खोकं काढलं. फर्मानांच्या तळाशी ती घडी तशीच होती. एकतीस वर्षांत फीत तेवढी पिवळी पडली होती.

पिशवीत घालायला म्हणून तिनं ती उचलली, आणि कुजकी फीत हातातच तुटली. पानं उलगडली.

एवढ्या वर्षांत तिनं हजारो कागद उलगडले होते. कागद उलगडला की तो आधी सपाट करायचा, मग पानांचा क्रम बघायचा, ही तिच्या हाताची सवय. हातांनी ते केलं. आणि डोळे वाचायला लागले. शिडीच्या खालच्या पायरीवर ती बसली.

पहिली जबानी सार्जंट हॅनलीची होती.

'मी शपथेवर सांगतो. मयत ॲनी लूबी ही गरीबखान्याच्या मंडळानं चौरस्त्यावरील दुकानदार लूक टार्पी याजकडे सांभाळण्यास दिलेली होती.'

सॅबिनानं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा, बोट ठेवून. टार्पीकडे. ग्रिलीकडे नाही. टार्पीकडे!

'मंगळवारी संध्याकाळी बर्फ थांबल्यावर मी लहान मुलाच्या अनवाणी पावलांचे ठसे पाहिले. ते लूक टार्पीच्या मागच्या फाटकातून निघाले आहेत. तेथून ते चार घरांच्या दारांशी गेले आहेत.' पुढं चार नावं होती. ती मी इथं सांगत नाही. चारही आजच्या दुकानांच्या पाट्यांवर आहेत. 'प्रत्येक दारापुढं बर्फ पुष्कळ तुडवलेलं आहे. मूल तेथे बराच वेळ उभे होते असे दिसते. विचारले असता, पोर टार्पीचे असल्याने टार्पीशी वाकडे नको म्हणून परत जा सांगितले, असे चौघांनी कबूल केले. पाचवे घर ऑनर ग्रिलीचे. तेथे दारापुढं बर्फ तुडवलेलं नाही. पावलं थांबलेली नाहीत. सरळ आत गेली आहेत.'

सॅबिनाच्या तोंडून आवाज निघाला. काय शब्द होता ते तिलाही कळलं नाही.

मग ऑनरची जबानी होती. लिहिता येत नव्हतं, म्हणून खाली फुली. 'मी तिला माझ्या पोरांच्या मधे झोपवलं. दूध ऊन करून दिलं, तिला गिळवेना. तिचे पाय मी माझ्या पोटाशी धरले. पहाटे ती गेली. मी तिला लूक टार्पीच्या दारूच्या दुकानात न्यायला सांगितलं, कायदा तसा आहे म्हणून. त्यानं दार लावून घेतलं, म्हणाला मढं आत येऊ देणार नाही. मग मी साहेबांना म्हटलं, माझ्याकडे बसा. माझं टेबल मोठं आहे.'

म्हणून कोरोनर घरात बसला होता. एवढंच कारण!

शेवटी पंचांची यादी होती. बारा नावं. प्रमुख, लूक टार्पीचा मेहुणा. आणि त्याच्याखाली ती चार नावं, चारही, ज्यांच्या दारापुढं बर्फ तुडवलेलं होतं. निकाल काय द्यायचा ते त्यांनी ठरवलं: मृत्यू उपासमार व थंडीनं, ऑनर ग्रिलीच्या घरात. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पेपरात तेवढंच छापून आलं आणि ज्यांना पूर्ण माहीत होतं त्यांना तोंड उघडायचं कारणच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, सॅबिनाला आनंद झाला असेल. कसला आनंद! ती शिडीच्या पायरीवर बसली आणि तिनं आपल्या कपाळावर मूठ मारून घेतली, एकदा, दोनदा. आई दर नाताळनंतर विचारत होती. आई फरशी घासून जे समजली ते ही किल्ल्या हातात असून समजली नाही. एक फीत सोडायची होती. गावानं नाही वाचलं, ठीक. गाव कशाला वाचेल? पण हिनं तर हातात धरलं होतं! हिनं पण वरच्याच तीन ओळी वाचल्या आणि गावाच्या बाजूनं उभी राहिली.

"मूर्ख बाई," ती मोठ्यानं म्हणाली. "मूर्ख, भित्री बाई."

डब्यातलं सँडविच तिनं तसंच कचऱ्यात टाकलं. मग वर जाऊन एक पिवळी चिठ्ठी घेतली. कुणी काढली: सॅबिना ग्रिली. कधी: १८ ऑक्टोबर १९८८. कशासाठी, या रकान्यात पेन्सिल बराच वेळ टेकवून ठेवली आणि लिहिलं: लपवण्यासाठी. चिठ्ठी नेऊन कोरोनरच्या खोक्यात, फाईलच्या मूळ जागी ठेवली.

शुक्रवारी म्युरिननं निरोपाचा केक आणला होता. तो कापायच्या आधीच फेस्टस आला. आज बिस्किट नव्हतं. मास्तर आपले ठेके घेऊन कोपऱ्यात बसला होताच.

"काय गं, सापडली का?"

"बस," सॅबिना म्हणाली. तिनं त्याच्यापुढं जुने कागद ठेवायची स्पंजची उशी मांडली, तिच्यावर फाईल ठेवली. "हात धुतलेस का? मग वाच. पान बोटाला थुंकी लावून उलटलंस तर बोट मोडीन."

फेस्टस वाचायला लागला. आधी हसतमुख, मागं रेलून. मग पुढं वाकला. मग त्याचे ओठ हलायला लागले, शाळेत हलायचे तसे. सॅबिना समोर हाताची घडी घालून उभी होती.

"हे... हे खोटं आहे," तो म्हणाला. "हे तू लिहिलंयस."

"माझं अक्षर इतकं चांगलं असतं तर बाईंनी मला मारलं असतं का? मोठ्यानं वाच. मास्तरांना ऐकू दे. लूक टार्पी कोण तुझा? पणजोबा ना? ज्याचा फोटो गुत्त्यात चुलीवरच्या भिंतीला लावलाय?"

"सॅबे, हळू बोल."

"साठ वर्षं हळू बोलले. तुझ्या घरून निघालं ते पोर! अनवाणी, बर्फात, तुमच्या मागच्या फाटकातून! आणि मेल्यावर तुम्ही तिला दारातही घेतली नाही. कडा कोण कुणाच्या खिशात घालत होतं रे फेस्टस? सांग ना!"

म्युरिन केकची सुरी हातात घेऊन दारात उभी राहिली होती.

फेस्टस उठला. आता त्याला सापडलं कुठं बोट ठेवायचं ते. "ही फाईल होती कुठं इतके दिवस?"

"मेंढ्यांत. मी लपवली होती. १९८८ मध्ये."

"ऐकलं? ऐकलंत सगळ्यांनी?" त्याचा आवाज चढला. "सरकारी कागद! तिच्या तोंडानं कबूल करतेय! तुला कोर्टात खेचतो, सॅबे. तुझं पेन्शन बंद करतो."

"खेच की. मग तिथं ही अथपासून इतिपर्यंत वाचावी लागेल. मी तर म्हणते पाटी लागलीच पाहिजे. सोमवारी मांड सभेत. दगड मोठा घे, सार्जंटचं सगळं म्हणणं बसलं पाहिजे. चार दारांसकट."

फेस्टसनं टोपी उचलली. दारात म्युरिनला म्हणाला, "या बाईवर कारवाई झाली पाहिजे." आणि खालच्या आवाजात, "आणि ती फाईल... जुनी कागदपत्रं, नाजूक असतात. सगळ्यांना दाखवलीच पाहिजेत असं नाही."

"दाखवलीच पाहिजेत," म्युरिन म्हणाली.

संध्याकाळपर्यंत सोमवारच्या सभेतून पाटीचा विषय गेला होता. फेस्टसनंच फोन करून काढून घेतला, तब्येतीचं कारण सांगून.

मास्तर निघून गेल्यावर म्युरिन सॅबिनाच्या टेबलासमोर बसली. "मला हे वर कळवावं लागेल, सॅबिना."

"कळव. तारखा चुकवू नकोस."

"पण तुम्ही उघडून का नाही पाहिली? एकतीस वर्षं तिथंच होती. तुमच्या हाताशी."

सॅबिनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला खात्री होती ना," ती म्हणाली. "त्या लोकांइतकीच."

किल्ल्या तिनं टेबलावर ठेवल्या. केक कुणी कापला नाही. पुढच्या आठवड्यात कौन्सिलचं पत्र आलं, चौकशीचं. ती अजून चालू आहे, आणि ते काय करतील ते करोत.

त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी मात्र ती वीस वर्षांनी चर्चमध्ये आली. मास्तरानं शनिवारभर आपलं काम चोख केलं होतं, त्यामुळे गावाला सगळं कळलं होतं. आमचं गाव मेलं असं आहे की शरम वाटली तरी ती दुसऱ्याला काहीतरी देऊनच भागवणार. ती आत शिरली तशी पुढच्या बाकांवर हालचाल झाली. चारपैकी एका घरच्या म्हातारीनं सरकून जागा केली, बाकावरचं प्रार्थनेचं पुस्तक उचलून मांडीवर घेतलं. "इकडे ये गं सॅबिना. इथं बस, पुढं." टार्पींचा बाक रिकामा होता.

सॅबिना मधल्या वाटेत उभी राहिली. एवढी जागा रिकामी, एवढे चेहरे तिच्याकडे वळलेले. आईला हवं होतं ते सगळं, आणि आई वीस वर्षं मातीखाली. शेहेचाळीस वर्षं बीझी ग्रिली खांबाआड बसली. पहिली पस्तीस वर्षं गावामुळं. शेवटची अकरा सॅबिनामुळं.

ती वळली आणि मागं गेली, उजव्या खांबाकडे. दान गोळा करणारा माणूस धावत मागं आला.

"सॅबिना, अगं पुढं जागा केलीय तुझ्यासाठी. इथून काही दिसत नाही."

"माझ्या आईलाही दिसत नव्हतं," ती म्हणाली, आणि खाली बसली.